आज्ञापत्रांतील राज्यकारभार : एक परीक्षण

रामचंद्र नीलकंठ अमात्य यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें ‘आज्ञापत्र’ हें मराठींतील राजनीतिविषयक गद्यांत अग्रस्थानीं शोभणारें आहे, याविषयीं जाणत्यांमध्यें फारसा मतभेद नाहीं. तथापि या ग्रंथाच्या वाट्यास स्तुति जितकी आली तितकें परीक्षण आलें नाहीं. त्यांतील दुर्गांविषयींचीं व टोपीकरांविषयींचीं वाक्यें व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतात; पण संपूर्ण ग्रंथ समोर ठेवून, यांत राज्यकारभाराचीं कोणकोणतीं अंगें सांगितलीं आहेत, कोणतीं सांगितलीं नाहींत, आणि न सांगण्याचें कारण काय असावें, असा विचार क्वचितच होतो. अलीकडे तर एक निराळाच प्रघात पडला आहे. पाश्चात्य व्यवस्थापनशास्त्राचें एखादें कोष्टक घ्यावें, त्यांतील प्रत्येक घरांत आज्ञापत्रांतील एकेक वाक्य बसवावें, आणि ‘हें सर्व आमच्याकडे तीनशें वर्षांपूर्वींच होतें’ असा निर्वाळा देऊन मोकळें व्हावें. अशा लिखाणानें अमात्यांचा गौरव होत नाहीं आणि शास्त्राचाही होत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत तेंच कोष्टक हातीं घेऊन, परंतु रिकामीं राहिलेलीं घरें न झांकतां, ग्रंथाची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

(१)

प्रथम ग्रंथकाराचा अधिकार पाहूं. रामचंद्रपंत हे नीळो सोनदेव यांचे पुत्र. शके १५९६ म्हणजे इ. स. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं अष्टप्रधानांची योजना झाली तेव्हां अमात्यपद याच घराण्याकडे होतें. पुढें इ. स. १६८९ त संभाजी महाराजांचा वध होऊन राजाराम महाराजांस जिंजीस जावें लागलें, तेव्हां महाराष्ट्रांतील सर्व कारभार ‘हुकुमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंतांवर सोंपविला गेला. राजधानी शत्रूच्या हातीं, छत्रपति शेंकडों कोस दूर, खजिना रिकामा, आणि औरंगजेबाची फौज घरांत, अशा स्थितींत ज्यानें राज्य उभें ठेवलें तो पुरुष वृद्धपणीं, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभीं, इ. स. १७१५-१६ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध करतो. ग्रंथ राजाच्या नांवें आहे, परंतु बोल अमात्यांचे आहेत. शिवछत्रपतींपासून पांच कारकीर्दींचा अनुभव ज्याच्या गांठीं होता त्याचे हे शब्द असल्यामुळें, केवळ पोथ्या वाचून लिहिलेल्या नीतिग्रंथांच्या रांगेंत याला बसवितां येत नाहीं.

ग्रंथाचीं प्रकरणें नऊ. पहिलीं दोन पूर्ववृत्ताचीं. तिसरें राजधर्माचें, चौथें प्रधानांचें, पांचवें साहूकारांचें, सहावें वतनदारांचें, सातवें वृत्ति व इनामें यांचें, आठवें दुर्गांचें आणि नववें आरमाराचें. पुणतांबेकर यांनीं १९२९ सालीं याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यापासून महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांनाही तें सुलभ झालें आहे.

(२)

आतां मापाविषयीं. आंरी फायोल या फ्रेंच खाणतज्ज्ञानें १९१६ सालीं कारभाराच्या क्रियांचें पृथक्करण करून त्या पांच ठरविल्या. पुढचें पाहून बेत करणें, माणसें व साधनें यांची रचना करणें, आज्ञा देणें, निरनिराळ्या कामांचा मेळ घालणें, आणि ठरल्याप्रमाणें झालें कीं नाहीं याची तपासणी करणें, या त्या पांच होत. फायोल हा ग्रंथपंडित नव्हता. १८८८ सालापासून एका मोठ्या खाण-कंपनीचा कारभार त्यानें स्वतः हांकला व डबघाईस आलेली ती कंपनी सांवरली. पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील लूथर गुलिक यानें या पांचांतच भर घालून सात कामें सांगितलीं. त्यांत माणसांची नेमणूक, वरिष्ठांस वृत्त कळविणें आणि जमाखर्चाचा अंदाज हीं स्वतंत्र गणलीं गेलीं.

हें कोष्टक वाईट नाहीं. परंतु तें क्रियांचें कोष्टक आहे, विषयांचें नाहीं. आमच्या प्राचीन राजनीतीनें राज्याचीं अंगें मोजलीं. फायोलनें प्रत्येक अंगाच्या ठायीं कारभाऱ्यानें करावयाच्या क्रिया मोजल्या. हा भेद लक्षांत न घेतां एकाचीं वाक्यें दुसऱ्याच्या घरांत घालीत जाणें म्हणजे व्याकरणांतील कारकें आणि कोशांतील वर्ग यांची खिचडी करण्यासारखें आहे. कोश ‘शस्त्र’ शब्दाचे पर्याय देतो. त्या शस्त्रानें कोणी कोणास मारलें हें कारक सांगतें. दोन्ही लागतात, पण एकाचें काम दुसरें करीत नाहीं.

म्हणून आम्ही दोन मापें क्रमानें लावतों. आधीं आपल्याकडील सप्तांगांचें, मग फायोलच्या पांच क्रियांचें.

(३)

स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र हीं राज्याचीं सात अंगें कौटिल्यानें व कामंदकानें सांगितलेलीं संस्कृतज्ञांस परिचित आहेत. रामचंद्रपंतांसारखा बहुश्रुत ब्राह्मण अमात्य राजनीति लिहावयास बसतो तेव्हां तो हीं सात अंगें ओळीनें घेईल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्ष ग्रंथांत काय दिसतें? स्वामी आहे, अमात्य आहे, दुर्ग आहे. जनपद आहे, पण तें साहूकार, वतनदार आणि वृत्तिवंत अशा तीन वर्गांत विभागून येतें. कोशास स्वतंत्र प्रकरण नाहीं. द्रव्यसंग्रहाविषयींचा उपदेश राजधर्माच्या प्रकरणांत व अन्यत्र विखुरलेला आहे. दंड म्हणजे सैन्य, त्यासही स्वतंत्र प्रकरण नाहीं. मित्र हें अंग तर जवळजवळ नाहींच. उलट सप्तांगांत ज्याचें नांवही नाहीं असें आरमार शेवटचें प्रकरण सबंध व्यापून बसलें आहे.

या एका गोष्टीवरून ग्रंथकाराची जात कळते. त्यानें शास्त्राचा सांचा पुढें ठेवून मजकूर ओतलेला नाहीं. ज्या ठिकाणीं राज्यास प्रत्यक्ष दुखलें-खुपलें तेवढींच ठिकाणें त्यानें उचललीं. वतनदारांचें दुखणें त्यानें मोगलाईच्या धामधुमींत भोगलें होतें. ते लोक आज इकडे तर उद्यां तिकडे जात. म्हणून वतनदार हे राज्याचे लहान भाऊबंदच, त्यांना मारूंही नये व मोकळेंही सोडूं नये, असा मध्यम मार्ग तो सांगतो. टोपीकरांचें दुखणें समुद्रकांठीं दिसत होतें. म्हणून त्यांना वखारीसाठीं जागा द्यावयाची झाल्यास खाडीच्या मुखाशीं वा किनाऱ्यावर न देतां आंत, सखल जागीं व वस्तीच्या आधारानें द्यावी, आणि पक्कें बांधकाम करूं देऊं नये, असें तो बजावतो. पोथींतून हीं वाक्यें येत नाहींत.

परंतु याच न्यायानें एक प्रश्न उभा राहतो. जो मनुष्य आयुष्यभर अमात्य, म्हणजे जमाखर्चाचा धनी होता, त्याच्याच ग्रंथांत कोशाचें व दफ्तराचें प्रकरण कां नाहीं? या प्रश्नाकडे पुढें वळूं.

(४)

क्रियांच्या मापानें ग्रंथ तपासतां आठवें, दुर्गांचें, प्रकरण सर्वांत समृद्ध ठरतें. सामान्य वाचक या प्रकरणांतून दुर्गाच्या थोरवीचा वीररस घेऊन परततो. कारभाराच्या अभ्यासकानें मात्र तेथील बारीकसारीक गोष्टींपाशीं थांबावें. गड बांधण्यापूर्वीं पाण्याचा शोध घ्यावा, नसेल तर खडक फोडून टांकीं करावीं, आणि एकाच झऱ्यावर विसंबूं नये, हा पूर्वविचार. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांची वाटणी ही रचना. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारूस वरचेवर ऊन द्यावें, गडावरील केरकचरा खालीं न लोटतां जागच्या जागीं जाळावा आणि त्याची राख परसांत घालून भाजीपाला करावा, या आज्ञा इतक्या नेमक्या आहेत कीं, त्या पाळल्या गेल्या कीं नाहीं हें पाहणाऱ्यास एका फेरींत समजावें. ‘गड स्वच्छ ठेवावा’ एवढेंच सांगितलें असतें तर तो उपदेश झाला असता. केराचें काय करावें हें सांगितलें म्हणून ती आज्ञा झाली. उपदेश आणि आज्ञा यांतील हें अंतर ज्यास कळलें त्यास कारभाराचें मर्म कळलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

याच प्रकरणांत बदल्यांचा नियम आहे. हवालदार तीन वर्षांनीं, सरनोबत चार वर्षांनीं, आणि सबनीस व कारखानीस पांच वर्षांनीं बदलावे, असा तो नियम. यावर ‘एके जागीं रुजूं देऊं नये’ एवढेंच भाष्य केलें जातें. तें खरें आहे, परंतु अपुरें आहे. मुदती निरनिराळ्या कां? सर्व अधिकारी तीन वर्षांनीं बदलावे असें सुटसुटीत लिहितां आलें असतें. तसें केल्यास दर तिसऱ्या वर्षीं गडावर सर्वच माणसें नवीं येतीं. तटाची कोणती बाजू खचते, कोणतें टांकें उन्हाळ्यांत आटतें, कोणत्या कोठारांत ओल चढते, हें जाणणारा कोणी उरत नाहीं. तीन, चार आणि पांच या मुदतींनीं, आरंभ एकाच वर्षीं झाला असें धरलें तरी, सर्वांची बदली एकदम होण्याचा प्रसंग साठ वर्षांनींच येतो. शिवाय ज्याच्या हातीं किल्ल्या व शिबंदी, त्याची मुदत सर्वांत आंखूड. ज्याच्या हातीं लेखणी व कोठार, त्याची सर्वांत लांब. अधिकाराचा धोका आणि माहितीचा उपयोग या दोहोंचा तोल यांत साधला आहे. हा अर्थ ग्रंथकारानें उलगडून सांगितलेला नाहीं. नियमाच्या रचनेंतून तो निघतो, आणि सांगितला नसला तरी तो आकस्मिक आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

येथें कौटिल्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. अध्यक्षप्रचार या दुसऱ्या अधिकरणांत तो सांगतो कीं, प्रत्येक खात्यावर मुख्य अनेक असावे आणि त्यांची नेमणूक कायमची नसावी. सभासदाच्या बखरींत शिवकालीन गडांवर हवालदार, सरनोबत व सबनीस हे एकाच योग्यतेचे ठेवून तिघांनीं मिळून कारभार करावा, अशी जी व्यवस्था वर्णिली आहे ती याच तत्त्वाची. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आली आणि १९०९ त ती छापून निघाली. दोन ग्रंथांत सारखेपणा दिसला कीं लगेच एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें म्हणण्याची आपल्या संशोधकांस खोड आहे. आम्हांस तशी गरज दिसत नाहीं. ज्यास दूरच्या जागीं परक्या माणसांकडून काम करवून घ्यावयाचें आहे, त्यास चार दिवसांत हीच अडचण येते व हीच युक्ति सुचते. सारखेपणा कामाच्या स्वभावांतून आला आहे.

(५)

आज्ञा आणि मेळ या क्रियांसाठीं चौथें व नववें प्रकरण पाहावें. प्रधानांच्या प्रकरणांतील सार असें कीं, माणूस पारखून घ्यावा, पारखल्यावर काम पूर्ण सोंपवावें, आणि सोंपविल्यावर चहाडखोरांचें ऐकून मध्यें हात घालूं नये. शिवाय प्रधानानें राजाच्या लहरीस आवर घालावा, असेंही तेथें गर्भित आहे. राजाच्याच नांवानें निघणाऱ्या पत्रांत राजावर अंकुश ठेवण्याचें काम प्रधानाकडे द्यावें, ही ग्रंथकाराची धिटाई वाखाणण्यासारखी आहे. परंतु टीकाकारानें हेंही लक्षांत घ्यावें कीं, लिहिणारा स्वतः प्रधान आहे. प्रधानाचे अधिकार प्रधानानेंच वर्णिले तर त्यांत पक्षपात अजिबात नसेल असें समजणें भाबडेपणाचें होईल. प्रधान चुकला तर त्यास कोणी व कसें पकडावें, याविषयीं प्रकरण फारसें बोलत नाहीं.

आरमाराच्या प्रकरणांतील एक विचार मात्र निःशंक उत्तम आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या पैदास्तीवर टाकूं नये, मुलखांतून नेमून द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. कारण, ज्या सरदाराचें पोट बंदराच्या जकातीवर, तो व्यापाऱ्यास पिळणार. व्यापारी बंदर सोडणार. आणि बंदर ओस पडल्यावर आरमारही उपाशी मरणार. एका खात्याच्या खर्चाची सोय दुसऱ्या खात्याच्या मुळावर येऊं नये हा जो मेळाचा नियम, तो यापेक्षां स्पष्ट उदाहरणानें क्वचितच कोणी सांगितला असेल. गलबतांसाठीं लांकूड तोडतांना आंबा व फणस यांस हात लावूं नये, रयतेनें तीं झाडें मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात, अगदीं जीर्ण झाड असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊनच तोडावें, ही सुप्रसिद्ध आज्ञाही दयेपोटीं जितकी, तितकीच हिशेबापोटीं आहे. आरमारास आज चार फळ्या मिळाल्या आणि रयत कायमची दुखावली, तर तो सौदा राज्यास महागच पडणार.

(६)

आतां मघाच्या प्रश्नाकडे येऊं. पांच क्रियांपैकीं शेवटची, तपासणीची, क्रिया आज्ञापत्रांत सर्वांत दुबळी आहे. जमाखर्च वेळेवर पाहावा, खर्च आमदनीच्या आंत असावा, असे सामान्य विधि आहेत. परंतु हिशेब कोणी लिहावा, कोणी ताडून पाहावा, वर्षअखेर तो कोणाकडे जावा, त्यांत खोट निघाल्यास काय करावें, याचा पत्ता नाहीं. कौटिल्याशीं तुलना करतां ही उणीव डोळ्यांत भरते. त्यानें अक्षपटलाचें, म्हणजे दफ्तरखान्याचें, स्वतंत्र प्रकरण लिहिलें. सर्व गाणनिकांनीं आषाढांत हिशेब घेऊन यावें अशी मुदत घातली. आणि कारकुनांच्या अपहाराचे चाळीस प्रकार एकामागून एक मोजून दाखविले.

मग मराठी राज्यांत ही तपासणी नव्हती काय? होती, आणि चांगली होती. फक्त ती आज्ञापत्रांत नाहीं. राज्याभिषेकाच्या वर्षाचा जो ‘कानुजाबता’ प्रसिद्ध आहे त्यांत अमात्यानें मुलखाचा जमाखर्च व दफ्तर पाहावें, सचिवानें राजपत्रें शोधून कमी-अधिक मजकूर नीट करावा व महालांचे हिशेब तपासावे, अशी वाटणी केलेली आढळते. जुन्या पत्रांवर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे व शेवटीं मोर्तब आपण पाहतों. हे शेरे शोभेचे नव्हेत. पत्र एका हातानें लिहिलें, दुसऱ्यानें पाहिलें, दफ्तरीं नोंदलें, आणि मगच बाहेर गेलें, याची ती साक्ष होय. ज्या पत्रावर असे शेरे अपेक्षित असून नाहींत, त्याविषयीं संग्राहकानें सावध असावें तें याचसाठीं.

पेशवाईंत ही यंत्रणा अधिक विस्तारली. महालाच्या कारभारांत कमाविसदार किंवा मामलेदार हा मुख्य खरा. परंतु त्याच्याजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस असे दरकदार हुजुरांतून नेमलेले असत आणि मामलेदारास त्यांना काढतां येत नसे. फडणिसानें लिहावें, मुजुमदारानें पाहून आपली खूण करावी, पोतनिसानें रोकड व शिल्लक यांचा हिशेब ठेवावा, पोतदारानें नाणें पारखावें. वर्षारंभीं हुजुरांतून नेमणूक-बेहेडा म्हणजे जमा व मंजूर खर्च यांचा अंदाज मिळे. वर्षअखेर प्रत्यक्ष हिशेब त्याच्याशीं ताडला जाई. पुण्याच्या हुजूर दफ्तरांत रोजकीर्द चाले. एकबेरीज दफ्तरांत सर्व खात्यांचे हिशेब एकत्र होऊन त्यांवरून तरजुमे व खतावण्या तयार होत. नाना फडणिसांच्या व्यवस्थेंत या दफ्तरांतून दोनशेंच्या वर कारकून काम करीत. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२३ सालच्या आपल्या ग्रंथांत या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन केलें आहे.

यावरून आज्ञापत्रांतील मौनाचा उलगडा आमच्या मतें असा होतो. अमात्यांस दफ्तराचें महत्त्व वाटत नव्हतें असें नव्हे; तें त्यांच्या अंगवळणीं इतकें पडलें होतें कीं लिहून ठेवण्याची गरज भासली नाहीं. घर सांगतांना मनुष्य अंगण सांगतो, ओटी सांगतो, देवघर सांगतो. पायाखालची जमीन सांगत नाहीं. शिवाय ग्रंथ राजपुत्राच्या व अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं आहे, कारकुनासाठीं नाहीं. कारकुनाचें शास्त्र गुरूच्या शेजारीं बसून, कित्ते गिरवून शिकावयाचें असे. हा आमचा तर्क आहे, व तो तर्क म्हणूनच वाचकांनीं घ्यावा. परंतु एवढें निश्चित कीं, मराठ्यांच्या कारभाराचें चित्र केवळ आज्ञापत्रावरून काढणारा लेखक पांच बोटांचा हात चार बोटांनीं रंगवितो.

(७)

तपासणीचें बोट गळालें कीं काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास परदेशीं जावें लागत नाहीं. दुसरे बाजीराव १७९६ च्या अखेरीस गादीवर आले. त्यांच्या काळीं मामलती अधिकांत अधिक रक्कम देणारास इजाऱ्यानें लावण्याची चाल पडली. एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत याचे परिणाम नोंदले आहेत. इजारदारानें ठरलेला पैसा भरला कीं सरकारचें काम संपलें. मग रयतेकडून त्यानें काय घेतलें, गांवखर्च काय दाखविला, हें पाहण्याची सरकारास गरजच उरली नाहीं. हिशेब मागणारा नाहीं म्हणून हिशेब येईना; हिशेब येईना म्हणून दफ्तर ओस पडलें. येथें कोणी दफ्तर मोडण्याचा हुकूम काढला नव्हता. तपासणीचें कारणच काढून घेतल्यावर यंत्रणा आपोआप वाळून गेली.

सातव्या प्रकरणाचीही अशीच इतिहासाशीं गांठ घालून पाहिली पाहिजे. वृत्ति व इनामें यथेच्छ देऊं नयेत, जमीन देणें म्हणजे राज्यच थोडें थोडें देऊन टाकणें, असा तेथील आशय आहे. परंतु राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, माणसें शत्रूकडे जाऊं नयेत म्हणून, वतनें व सरंजाम मोठ्या प्रमाणावर दिले गेले, आणि त्या काळीं महाराष्ट्रांतील कारभाराची सूत्रें रामचंद्रपंतांच्याच हातीं होतीं. यावरून कोणी त्यांस ढोंगी म्हणेल तर तें अन्यायाचें होईल. प्राण वांचविण्यासाठीं ज्यानें घरचें सोनें विकलें त्यासच सोन्याची किंमत अधिक कळते. तथापि हें प्रकरण त्या काळच्या वस्तुस्थितीचें वर्णन नसून तिच्यावरचा पश्चात्तापपूर्ण अभिप्राय आहे, हें ध्यानीं ठेवूनच तें प्रमाण म्हणून उद्धृत करावें. ‘असें असावें’ हें वाक्य ‘असें होतें’ या वाक्याचा पुरावा होत नाहीं. उलट ज्या गोष्टीचा निषेध वारंवार करावा लागतो ती घडत होती असेंच बहुधा समजावें.

(८)

या सर्वांचें तात्पर्य काय? एक, आज्ञापत्र हा कारभारशास्त्राचा संपूर्ण ग्रंथ नव्हे. पूर्वविचार, रचना, आज्ञा व मेळ या चार क्रियांचें त्याचें निरूपण अनुभवसिद्ध व कांहीं ठिकाणीं अतुलनीय आहे. पांचवीचें तोकडें आहे. दोन, ती उणीव ग्रंथाची आहे, राज्याची नाहीं. तीन, ती भरून काढावयाची तर साधन एकच, आणि तें म्हणजे हिशेबी कागद.

येथें संग्राहक-बंधूंस चार शब्द सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आपल्याकडे कागदांची किंमत मुद्रेवरून व नांवावरून करण्याची रीत पडली आहे. छत्रपतींची मुद्रा असलेलें एखादें इनामपत्र सांपडलें कीं तें कांचेंत जातें. त्याच रुमालांतील ताळेबंद, झडत्या, बेहेडे, खतावण्या यांस ‘निव्वळ हिशेब’ म्हणून बाजूस सारलें जातें. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दफ्तराचे तीस हजारांवर रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांतून निवडलेले ४५ भाग प्रसिद्ध केले, ही कामगिरी थोरच. परंतु ती निवड प्रामुख्यानें राजकारणाच्या कागदांची आहे. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिश्यांतून काढलेले उतारे कारभाराच्या दृष्टीनें अमोल आहेत, पण तेही उतारेच. मोडी लिपींतील हिशेबांचा मोठा साठा अद्याप वाचकाची वाट पाहत आहे, आणि सरकारी दफ्तराबाहेर, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांतून व फडताळांतून जें पडलें आहे तें वेगळेंच.

या घरगुती कागदांचें भवितव्य संग्राहकाच्या नजरेवर आहे. रुमाल फोडून त्यांतील चार देखणीं पत्रें वेचून घेणारा संग्राहक, नकळत कां होईना, इतिहासाचें नुकसान करतो. हिशेबाचा कागद एकटा मुका असतो. बेहेड्याशेजारीं ताळेबंद ठेवला, ताळेबंदाशेजारीं झडती ठेवली, तरच काय ठरलें होतें, काय झालें, आणि चुकलें तें कोणी पकडलें, हें तो बोलूं लागतो. म्हणून रुमाल जसा मिळाला तसा, त्याच गांठीनें व त्याच क्रमानें ठेवावा. वेगळा करावयाचाच झाल्यास आधीं त्याची याद करावी. आणि हिशेबाचा एकही बंद, मग त्यावर कोणाचें नांव असो वा नसो, रद्दींत घालूं नये.

रामचंद्रपंत अमात्यांनीं जें लिहिलें त्याचा मान आपण पुष्कळ राखला. जें त्यांनीं लिहिलें नाहीं, कारण त्यांच्या हाताखालचे नांव नसलेले कारकून तें रोज लिहीतच होते, त्याचा मान राखण्याचें काम अद्याप व्हावयाचें आहे. तें झाल्यावांचून ‘मराठ्यांचा राज्यकारभार’ या नांवाचा ग्रंथ कोणी कितीही विद्वत्तेनें लिहिला तरी त्याचें शेवटचें प्रकरण कोरेंच राहील.